वारसा की वेषांतर?

हर्बर्ट फॉन कारायान या ख्यातकीर्त वाद्यवृंदसंचालकाच्या चित्रफितींविषयी आपल्याकडच्या रसिकांत एक भाविक सूर कायम ऐकू येतो. बर्लिन फिलहार्मोनिकच्या त्या मैफली या फितींनी अजरामर केल्या, असे सांगितले जाते. आम्हांला हे विधान मुळातच चुकीचे वाटते. यांतल्या बहुसंख्य फितींत जतन करावी अशी मैफल घडलेलीच नव्हती.

या चित्रीकरणाची रीत आता गुपित राहिलेली नाही. बऱ्याच प्रसंगी संगीत आधी ध्वनिमुद्रित केले जाई. मग तेच ध्वनिमुद्रण लावून वादक कॅमेऱ्यासमोर वाजवल्याचा अभिनय करीत आणि संचालक ज्या स्वरांना हाताने जन्म देताना दिसतो, ते स्वर आधीच जन्मलेले असत. ‘संगीताचा साक्षात्कार’ म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, तो अनेकदा उत्तम वठवलेला मूकाभिनय असतो.

यावर एक बुद्धिमान प्रतिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चित्रपट हे स्वतंत्र माध्यम आहे, त्याने मैफलीची नक्कल का करावी, असे हे लोक विचारतात. पियानोवादक ग्लेन गूल्डने 1964 मध्ये जाहीर मैफली सोडल्या आणि ध्वनिमुद्रण हाच आपला खरा रंगमंच मानला. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. हा मुद्दा आम्हांला मान्य आहे. पण मग या फितींना चित्रपटाचे निकष लावा. ते लावले तर 1960च्या दशकात आंरी-जॉर्ज क्लूझोसारख्या दिग्दर्शकाबरोबर झालेले काम आणि ह्यूगो नीबेलिंगने 1967 मध्ये चित्रित केलेली बीथोव्हेनची सहावी सिंफनी यांना निश्चित दाद द्यावी लागेल. नीबेलिंगच्या प्रकाशयोजनेत आणि चौकटींत एका दिग्दर्शकाची दृष्टी आहे. ती पटो न पटो, तिच्याशी वाद घालता येतो.

पुढे मात्र दिग्दर्शकाची दृष्टी मागे पडत गेली आणि उरली ती संचालकाची आरसेमहालातली दृष्टी. 1982 मध्ये कारायानने टेलेमोंडियाल ही स्वतःची निर्मितिसंस्था काढली आणि चित्रीकरणापासून संकलनापर्यंत सारी सूत्रे हाती घेतली. या फिती ‘घरगुती व्हिडिओसाठी वारसा’ अशा अर्थाच्या शीर्षकाने विक्रीस आल्या. वारसा कोणता, हे पडद्यावरच पाहावे. रुपेरी केस, मिटलेले डोळे, प्रकाशात तरंगणारे हात. आणि वाद्यवृंद म्हणजे शिस्तीत वरखाली होणाऱ्या गजांच्या रांगा, चकाकणाऱ्या तुताऱ्यांची ओळ. वादकाचा चेहरा हा जणू अडथळा.

बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागात, मूळ आशय परत येत असताना, सगळा वाद्यवृंद एकाएकी थबकतो आणि एकटा ओबो काही क्षण स्वतःशी बोलल्यासारखा गातो. त्या वादळातला तो एकमेव मानवी आवाज आहे. अशा क्षणी कॅमेऱ्याने कुठे पाहावे, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. ज्याच्या श्वासावर तो क्षण उभा आहे त्या वादकाला डावलून नजर संचालकाकडे वळली, तर प्रेक्षकाला एक खोटे शिकवले जाते: संगीत काठीतून येते. संचालकाच्या काठीला स्वतःचा आवाज नसतो, ही साधी गोष्ट या फिती विसरायला लावतात.

याविरुद्ध साक्ष कारायानचीच आहे. 31 डिसेंबर 1977 रोजी बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहातून बीथोव्हेनची नववी सिंफनी थेट प्रक्षेपित झाली. तिथे पुन्हा वाजवण्याची सोय नव्हती. चूक झाली असती तर ती चूकच राहिली असती. त्या जोखमीने सादरीकरणात जी धग आली आहे, ती नंतरच्या घोटीव फितींत आम्हांला सापडत नाही. बर्नस्टाइनने 1970च्या दशकात व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेल्या मालरच्या सिंफनी हम्फ्री बर्टनने चित्रित केल्या. तिथेही संचालक केंद्रस्थानी आहे, नाटकीही आहे. पण तो घामाघूम होतो आणि वादक त्याच्याकडे माणसांसारखे पाहतात.

बर्लिनचे सभागृह आपल्या गावी येणार नाही, ही फीत तरी मिळाली हे काय थोडे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आमचीही या संगीताशी ओळख अशाच फितींनी झाली. म्हणूनच आम्ही हे लिहीत आहोत. ज्याच्यापाशी दुसरा पुरावा नाही, त्याच्या हाती दिलेला एकमेव पुरावा सजवलेला असू नये. मैफलीत मध्येच तंबोरा पुन्हा जुळवणारा गवई आपण पाहिलेला आहे. ते जुळवणे कापून टाकावे असे आपल्याला वाटत नाही, कारण स्वर कष्टाने मिळतो हे आपल्याला त्यातूनच कळते.

साहित्याच्या वर्गातही आपण हेच करीत आलो आहोत. कवितेआधी कवीची तसबीर दाखवायची आणि तसबिरीला हार घातला की कविता वाचल्याचे समाधान मानायचे. कारायान श्रेष्ठ संचालक होता, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. त्याचा पुरावा हवा असेल, तर पडदा झाकून ठेवावा आणि नुसते ऐकावे. जो डोळे मिटून संगीत ऐकवत होता, त्याला आपणही डोळे मिटून ऐकणे हाच न्याय होय.