पहिली पेटी, पहिले भांडवल

खंडेनवमीच्या सकाळी गावोगावच्या गॅरेजांचे रूप पालटलेले असते. वर्षभर तेलात माखलेले पाने धुऊन-पुसून ओळीने मांडलेले असतात. त्यांवर हळदकुंकू वाहिलेले असते आणि शेडच्या खांबांना झेंडूची तोरणे बांधलेली असतात. कर्नाटकात आणि तामिळनाडूत हीच आयुधपूजा होते. बंगाल, बिहार व झारखंडातील कारखान्यांत सप्टेंबरमध्ये विश्वकर्मा पूजेच्या निमित्ताने हाच सोहळा रंगतो. प्रांत निराळे, तिथी निराळी. भावना मात्र एकच, की हातातले हत्यार हे अन्नदाते आहे.

ही श्रद्धा खरेदीच्या वेळी मात्र कोठेतरी हरवते. आयटीआयमधून बाहेर पडलेला किंवा एखाद्या वस्तादाच्या हाताखाली चार वर्षे उमेदवारी केलेला तरुण स्वतःची पहिली पेटी घ्यायला बाजारात जातो, तेव्हा दर्जापेक्षा नगांच्या संख्येला आणि पोलादापेक्षा चकाकीला भुलतो. त्याला कर्ज देणारी संस्थाही शेडचा, कॉम्प्रेसरचा आणि नामफलकाचा विचार करते. पान्यांचा विचार ‘इतर किरकोळ खर्च’ या एका ओळीत आटोपतो. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. पहिली हत्यारे हा खर्च नसून भांडवल आहे, याचे विस्मरण.

हलक्या पान्याचे खरे मोल तो विकत घेताना कळत नाही. गंजलेल्या नटावर जोर लावताना कळते. मऊ पोलादाच्या पान्याचे तोंड ताणाखाली किंचित फाकते, पाना घसरतो आणि नटाचे सहाही कोपरे झिजून तो गोल होतो. मग छिन्नी-हातोडी येते, आटे जातात, कधी बोल्ट मुळाशीच तुटतो. सायलेन्सरचा एक बोल्ट तुटला, तर अर्ध्या तासाचे काम अर्ध्या दिवसावर जाते. तुटलेला तुकडा ड्रिलने काढण्याचा खर्च ग्राहकाकडे मागता येत नाही, आणि घसरलेल्या पान्याने सोललेली बोटे तर कोणत्याच बिलात येत नाहीत. सर्वांत मोठा तोटा ग्राहकाच्या मनातला. गाडी बिघडवून देणारा कारागीर, हा शिक्का धंद्याच्या पहिल्या वर्षात बसला की पुसायला फार काळ लागतो.

चांगला पाना ओळखणे फारसे अवघड नाही. उत्तम पाने बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे असतात. तापवून साच्यात ठोकून घडवलेले आणि नंतर योग्य पाणी दिलेले. पाणी कमी पडले तर तोंड फाकते, जास्त झाले तर पाना काचेसारखा तडकतो. कठीणपणा आणि चिवटपणा यांचा हा तोल साधणे हीच पाना घडवणाऱ्याची विद्या. वरचा चकाकता मुलामा गंज थांबवतो, पण मुलाम्याखाली काय आहे ते सांगत नाही. म्हणून पान्यावर माप आणि उत्पादकाचे नाव स्वच्छ उमटलेले आहे का, तोंडाच्या आतील बाजू सरळ व एकसारख्या आहेत का, नव्या बोल्टच्या माथ्यावर पाना डुगडुगतो का, हे दुकानातच पाहावे. भारतीय मानकांमध्ये उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही स्वतंत्र मानके आहेत. त्यांचा उल्लेख मागण्यात संकोच करू नये. यासाठी परदेशी नावांमागे धावण्याचेही कारण नाही. जालंधर आणि लुधियाना ही हातहत्यारांची मोठी केंद्रे आहेत, आणि महाराष्ट्रात नाशिकसारख्या शहरातही हा उद्योग दीर्घकाळ रुजलेला आहे.

पहिल्या पेटीत काय असावे, याचे उत्तर धंद्यावर अवलंबून आहे. दुचाकी दुरुस्त करणाऱ्याचे बहुतेक काम ८, १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटर या मापांत होते. १३ मिलिमीटरही काही गाड्यांना लागतो. शंभराहून अधिक नगांच्या चकचकीत पेटीत यांतले मोजके नग रोज हाती येतात; उरलेले पेटीचे वजन आणि आकडा वाढवतात. त्यापेक्षा ६-७ पासून २०-२२ पर्यंतचा आठ नगांचा रिंग पान्यांचा एक उत्तम संच, तसाच उघड्या तोंडाच्या पान्यांचा एक संच, नेहमीच्या मापांच्या गोट्या आणि एक भरवशाचे रॅचेट, एवढ्यावर धंदा सुरू होऊ शकतो. घट्ट नटाला प्रथम रिंग पाना लावावा, कारण तो नटाला चहूबाजूंनी धरतो. सैल झाल्यावर उघड्या तोंडाचा पाना हाती घ्यावा. गोट्यांमध्ये सहा कोनी गोटी बारा कोनी गोटीपेक्षा झिजलेल्या माथ्याला अधिक सांभाळून घेते. स्क्रू पाना मात्र अडीअडचणीचा सोबती. रोजच्या कामात तो हाती घेणे म्हणजे नट गोल करण्याची पूर्वतयारी.

रॅचेटविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त फसवणूक तेथेच होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९२० मध्ये जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सीडमन यांनी स्नॅप-ऑन ही कंपनी सुरू केली. तिची मूळ कल्पना साधी होती : प्रत्येक गोटीला स्वतंत्र दांडा कशासाठी? दहा गोट्या आणि अदलाबदल करता येणारे पाच दांडे पुरेत. थोड्या वस्तूंत अधिक काम, हे तत्त्व कोणत्याही हिशेबनीसाला पटावे असे. आज याच तत्त्वाचे रोजचे रूप म्हणजे रॅचेट. त्याच्या पोटात दातेरी चक्र आणि त्यात अडकणारी लहानशी खिट्टी असते. २४ दात्यांचे रॅचेट पुढचा दाता पकडण्यासाठी १५ अंश फिरवावे लागते, ७२ दात्यांचे केवळ ५ अंश. इंजिनाच्या अडचणीच्या जागी हा फरक जाणवतो. परंतु दाते बारीक असतील तर पोलाद आणि कारागिरीही तेवढीच चोख हवी. स्वस्तातले बारीक दात्यांचे रॅचेट जोर येताच दाते सोडते. दुचाकीच्या कामाला तीन अष्टमांश इंच चौकाचे रॅचेट सोयीचे, मोटारीच्या मोठ्या नटांना अर्धा इंच चौकाचे. आणि कितीही उत्तम असले, तरी जाम झालेला नट फोडणे हे रॅचेटचे काम नव्हे. त्यासाठी गोटीला साधा लांब दांडा लावावा. रॅचेटच्या मुठीत पाइप घालून जोर लावणारा कारागीर खिट्टी तोडतो आणि दोष कंपनीला देतो.

या विवेचनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सुरुवातीला स्वस्त हत्यारे घ्यावीत आणि जी मोडतील तेवढीच पुढे चांगली घ्यावीत, असे अनेक अनुभवी मंडळी सांगतात. हा सल्ला अगदीच चुकीचा नाही. घरची गाडी वर्षातून दोनदा उघडणाऱ्या हौशी माणसाला तो शोभतो. पेटी, ट्रे, तेलाचा डबा, क्वचित लागणाऱ्या मोठ्या मापाच्या गोट्या यांत काटकसर कारागिरानेही जरूर करावी. नामांकित कंपनीचा जुना घडीव पानाही, तोंड शाबूत असेल, तर नव्या हलक्या पान्याहून सरस ठरतो. परंतु ज्याचे पोट त्या दहा-बारा मापांवर अवलंबून आहे, त्याला मोडण्याची वाट पाहणे परवडत नाही. कारण पाना मोडतो तो ग्राहकाच्या गाडीवर.

हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक संच १,५०० रुपयांना मिळतो आणि वर्षभर टिकतो. दुसरा ६,००० रुपयांना मिळतो आणि दहा वर्षे टिकतो. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले, तर पहिला दिवसाला ५ रुपये खातो आणि दुसरा २ रुपये. महाग दिसणारी वस्तू स्वस्त निघते. अडचण असते ती पहिल्या दिवशीच्या ४,५०० रुपयांच्या फरकाची. हा फरक भरून काढणे हेच तर कर्जाचे मूळ प्रयोजन आहे.

कायद्याने हत्यारांचे हे महत्त्व फार पूर्वी ओळखले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० न्यायालयीन हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळते. सावकाराने माणसाचे ऋण वसूल करावे, त्याचे हात काढून घेऊ नयेत, हा त्यामागचा विचार. या तरतुदीकडे पाहून काही जण म्हणतात की पाने हे काही चांगले तारण नव्हे. खरे आहे. परंतु परतफेड तारणातून होत नाही, मिळकतीतून होते. आणि मेकॅनिकची मिळकत पान्याच्या तोंडातून येते.

योजनांची दारे उघडी आहेत, पण सर्वांसाठी सारखी नाहीत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना हत्यार संचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. त्या १८ व्यवसायांत हातोडा व हत्यार संच बनवणारा आहे. ती हत्यारे वापरून गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक नाही. त्याच्यासाठी मार्ग उरतो तो २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेचा. तिच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. पहिली पेटी त्यात सहज बसते.

मात्र ती बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी थोडी शिस्त हवी. तरुणाने हत्यारांची यादी स्वतः, माप आणि नग लिहून करावी, अधिकृत विक्रेत्याकडून दरपत्रक घ्यावे आणि पक्क्या पावतीनेच खरेदी करावी. शाखेतील अधिकाऱ्याने ती यादी मन लावून वाचावी. सुट्या हत्यारांचे दरवर्षी पुनर्मूल्यांकन करण्याची पद्धत लेखाशास्त्रात शिकवली जाते. तीच सवय या लहान उद्योजकालाही लावता येईल. वर्षातून एकदा पेटी रिकामी करावी, हरवलेले आणि झिजलेले नग टिपावे, पुढच्या खरेदीची तजवीज करावी. त्यासाठी खंडेनवमीहून चांगला दिवस कोणता? पूजेसाठी पाने धुऊन-पुसून मांडावेच लागतात. फुले वाहण्यापूर्वी प्रत्येक पान्याचे तोंड एकदा निरखून पाहिले आणि शेजारी वहीत नोंद केली, तर पूजाही होईल आणि हिशेबही.