आधी आच्छादन, मग फवारणी

उन्हाळी परसबागेत सेंद्रिय म्हणजे रासायनिक औषधाऐवजी निंबोळी अर्क, एवढाच अर्थ घेतला की निम्मी बाग एप्रिलमध्येच हातची जाते. भेंडीवरचा हळद्या हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते. ५ टक्के निंबोळी अर्काने माशी कमी होईल, पण रोगट झाड बरे होणार नाही; ते उपटावेच लागते. म्हणून खरी तयारी पेरणीआधीची: परभणी क्रांतीसारखे रोगाला तोंड देणारे वाण (तेही आता पूर्वीइतके चिवट राहिलेले नाही), चांगले कुजलेले शेणखत आणि वाफ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर. पाणीटंचाईत हा शौक कशाला, हा आक्षेप रास्तच. मात्र आच्छादनाने बाष्पीभवन घटते, आणि गवार, चवळी कमी पाण्यावर भागवून घेतात. काकडीचा हट्ट तेवढा टंचाईच्या गावात सोडावा.