खांबाला नमस्कार झाला, नदीकाठाचे काय?

२०२५ हे वर्ष नगर जिल्ह्यासाठी दुहेरी पुण्यस्मरणाचे ठरले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांची त्रिशताब्दी आणि संत ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माला ७५० वर्षे पूर्ण होण्याचा योग एकाच वर्षी आला. त्याआधी, २०२४ मध्ये, जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. सोहळे झाले, मिरवणुका निघाल्या, चौंडीला राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकही झाली. उत्सवाचा गुलाल खाली बसल्यानंतर मात्र एक साधा प्रश्न उरतो. या दोन्ही विभूतींचे नाव घेणाऱ्या समाजाने त्यांच्या भूमीतील नदीकाठांचे काय केले?

उदाहरणादाखल नेवाशाकडे पाहावे. शनिशिंगणापूर आणि देवगड याच तालुक्यातली. तेथे जाणाऱ्या असंख्य गाड्यांपैकी काही वाट वाकडी करून नेवाशात येतात. मंडळी पैस खांबाला डोके टेकवतात, प्रसाद घेतात आणि पुन्हा गाडीत बसतात. सारा मुक्काम अर्ध्या तासाचा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्या गावात माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, ते गाव या मंडळींनी पाहिलेलेच नसते. नदी तर दिसतही नाही.

वास्तविक नेवासा हे पायी पाहण्याचे क्षेत्र आहे. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा अकोले, संगमनेर असा प्रवास करीत येथे येते आणि पुढे प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते. तिच्या एका तीरावर नेवासा खुर्द, दुसऱ्या तीरावर नेवासा बुद्रुक. गावात मोहिनीराजाचे देवालय आहे. समुद्रमंथनानंतर मोहिनीरूपाने अमृत वाटणाऱ्या विष्णूचे हे स्थान. माउलींनी ग्रंथाच्या अखेरीस ज्या महालयेचा आदराने उल्लेख केला, ती हीच देवता, अशी श्रद्धा आहे. आजचे देवालय पेशवाईत होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी उभारले. राहूचे शिर राहुरीला पडले आणि काया कायगावला, ही कथा तर या परिसरातील आजी नातवंडांना आजही सांगते.

गावाबाहेरचा पैस खांब हा एका जुन्या शिवालयाचा उरलेला अंश. माउली त्याला टेकून बसत, ही परंपरा. खांबावर कोरलेल्या लेखात देवालयातील दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी कोणी तरी देवापुढचा दिवा विझू नये म्हणून केलेली ही तजवीज. खांबाला वंदन करणाऱ्या किती जणांना ती अक्षरे काय सांगतात, हे ठाऊक असते?

आणि नदीकाठचा लाडमोडचा टेकाड? १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजमधील सहकाऱ्यांनी येथे उत्खनन केले. प्रवरेच्या गाळ-गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. ताम्रपाषाण युगातील घरे मिळाली, मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुले मिळाली. त्यातील एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांना रेशमाचा आणि कापसाचा धागा होता. सातवाहनांची नाणी आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडेही याच मातीतून निघाले. याच नदीच्या काठी जोर्वे आहे आणि १९७४ साली जेथे रथ, हत्ती, गेंडा व रेडा यांची धातुशिल्पे सापडली ते दायमाबादही आहे. अश्मयुगापासून यादवकाळापर्यंतचा एवढा सलग पट एका सकाळीत पायी पाहता यावा, अशी गावे देशात फार नाहीत.

जगात याहून कमी सामग्रीवर लोकांनी किती केले! अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९५१ साली एका वृत्तपत्रीय स्तंभलेखकाने सुचवले की, स्वातंत्र्यलढ्याशी निगडित ठिकाणे एका वाटेने जोडावीत. आज पदपथावरील लाल रेघेच्या मागे चालत गेले की सुमारे चार किलोमीटरांत सोळा स्थळे पाहून होतात. वाटाड्याची गरज पडत नाही. अहमदाबादने १९९७ मध्ये जुन्या शहराची पदयात्रा सुरू केली, आणि २०१७ साली त्या शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला. दोन्हीकडे आरंभ मोठ्या बांधकामाने झाला नाही. आरंभ झाला तो आपल्या गावाकडे नीट पाहण्याने.

नेवाशाला असेच हवे आहे. घाट, मोहिनीराज, लाडमोड आणि पैस खांब यांना जोडणारी एक वाट. वळणावळणावर शुद्ध मराठीतील फलक. एक स्वच्छ नकाशा. बसायला सावली आणि प्यायला पाणी. फलकांवर मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. परंपरा काय सांगते आणि उत्खननात काय सापडले, हे वेगवेगळे लिहावे. श्रद्धेला पुराव्याची भीती नसते आणि पुराव्याने श्रद्धेची टवाळी करण्याचे कारण नसते. दोन्हींची सरमिसळ केली की मात्र दोन्हींचेही मोल जाते.

त्याहूनही तातडीचा प्रश्न नदीचा आहे. पात्रातील वाळू उपसली जाते तेव्हा केवळ वाळू जात नाही. ज्या थरांत आदिमानवाची हत्यारे दडली आहेत, ते थरही धोक्यात येतात. सांडपाणी नदीत मिसळते, त्याच घाटावर पर्वणीचे स्नान करायचे ही कसली धर्मनिष्ठा? काशीपासून महेश्वरापर्यंत घाट बांधणाऱ्या अहिल्यादेवींचे नाव जिल्ह्याला देणे सोपे होते. त्या नावाला शोभेल असे घाट राखणे, ही खरी परीक्षा आहे.

सारे काही सरकारने करावे, अशी सवय समाजाला लागली आहे. शासनाची जबाबदारी आहेच, आणि ती त्याच्याकडून करवून घेतलीच पाहिजे. पण नकाशा काढायला, शाळेच्या मुलांना रविवारी त्या वाटेने फिरवायला, घाटाच्या पायऱ्या झाडायला कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहायची? दहा तरुण आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. पुढच्या सुट्टीत शिंगणापूरला निघालेल्या कुटुंबाने नेवाशासाठी अर्ध्या तासाऐवजी अर्धा दिवस राखून ठेवला, तरी त्याचा आरंभ झाला असे म्हणता येईल.

देवापुढच्या दिव्यासाठी तेलाची तरतूद करणारा तो अनाम दाता आपले काम करून गेला. पुढचे तेल घालण्याची पाळी आता आजच्या पिढीची आहे.