पाचक सिरप आणि स्वादुपिंडाचा दाह

पोट जड वाटले की औषधाच्या दुकानातून पाचक सिरप आणायचे, ही घरोघरची सवय. स्वादुपिंडाचा जुनाट दाह असलेले रुग्णही याच बाटलीवर विसंबतात आणि वजन का घटते आहे, हे त्यांना कळत नाही.

जठराच्या मागे आडवे असलेले स्वादुपिंड दिवसाला सुमारे दीड लिटर पाचक रस लहान आतड्यात सोडते. त्यातली विकरे, म्हणजेच एन्झाइम, प्रथिने, चरबी आणि पिष्टमय पदार्थ फोडतात. प्रथिने फोडणारे ट्रिप्सिन मात्र ग्रंथीत निष्क्रिय रूपात तयार होते. आतड्यात पोहोचल्यावर तिथले दुसरे विकर त्याला जागे करते. मांस पचवणारा रस मांसाच्याच ग्रंथीत बनवायचा, तर एवढी खबरदारी हवीच.

ट्रिप्सिन ग्रंथीतच जागे झाले तर ती स्वतःलाच पचवू लागते. हान्स किआरी यांनी हा विचार १८९६ मध्ये मांडला. बरोबर शंभर वर्षांनी आनुवंशिक दाह असलेल्या कुटुंबांत ट्रिप्सिनच्या जनुकातील दोष सापडला आणि त्याला भक्कम आधार मिळाला. एरवी ठिणगी टाकणारे नेहमीचे दोघे : पित्ताशयातील खडे आणि दारू.

मग ट्रिप्सिनलाच अडवणारी औषधे का देत नाहीत? देऊन पाहिली, मोठ्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत विकरांनी आपले काम केलेले असते. पुढचे नुकसान शरीरभर भडकलेला दाह करतो. म्हणून तीव्र झटक्यात सलाइन, वेदनाशामक आणि सोसेल तसे लवकर खाणे, हेच मुख्य उपचार. रक्तातील लायपेजचा आकडा निदानाला उपयोगी. तो किती पट वाढला यावरून आजार किती गंभीर हे ठरत नाही. नातेवाइकांच्या आग्रहाखातर रोज ती तपासणी करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

जुनाट दाहात गणित उलटते. ग्रंथीचा बहुतेक भाग निकामी झाला की चरबी न पचताच बाहेर पडते. शौचास चिकट, तेलकट, घाण वासाचे होते. वजन उतरते, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे कमी पडतात. आता तीच विकरे औषध ठरतात. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. काहींच्या श्रद्धेचा प्रश्न असतो.

प्रौढांना मुख्य जेवणासोबत ४० ते ५० हजार युनिट लायपेज लागते, मधल्या खाण्याला साधारण निम्मे. प्रत्यक्षात १० हजारांची एकच कॅप्सूल, तीही जेवण झाल्यावर घेतली जाते. खर्च परवडत नाही म्हणून मात्रा तोडली जाते, हेही खरे. पुष्कळ सिरपांत डायास्टेज आणि पेप्सिन एवढेच असते. ती दोन्ही चरबीला हात लावत नाहीत.

त्यात भर म्हणजे तेल-तूप पूर्ण बंद करण्याचा सल्ला. आधीच रोडावलेला माणूस त्याने आणखी खंगतो. विकरे पुरेशी असतील तर सहसा एवढ्या पथ्याची गरज नसते. दुखणे मात्र या कॅप्सूलने थांबेलच असे नाही. त्याचा उपचार वेगळा. पहिल्या घासापासून, न चावता, पुरेशा मात्रेत घेऊनही शौचातला तेलकटपणा गेला नाही, तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा आम्ल कमी करणारी गोळी जोडतात.