प्रकल्पवहीचं शेवटचं पान

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, रसायनशास्त्राच्या प्रकल्पवहीचं शेवटचं पान तुम्ही कधी नीट वाचता का? 'संदर्भ' या मथळ्याखाली बहुतेकदा 'इंटरनेट' किंवा 'गुगल' एवढंच असतं. आपणही सही करून वही पुढे सरकवतो. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा ते पान कोरं परवडलं. 'गुगल' हा संदर्भ म्हणजे पुस्तकाचं नाव विचारल्यावर ग्रंथालयाचा पत्ता सांगणं!

रसायनशास्त्रात हे जास्तच महागात पडतं, कारण इथे नावं फसवी. साधा 'सोडा' घ्या. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. हा शेवटचा कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. एखाद्या व्हिडिओत नुसतं 'सोडा टाका' म्हटलं, तर पोराने कोणता डबा उघडायचा?

म्हणून मुलांना नावाऐवजी नंबराने शोधायला शिकवा. अमेरिकेतली 'कॅस' ही संस्था १९०७ पासून रसायनशास्त्रातल्या शोधनिबंधांचे सारांश गोळा करते आहे. ती प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र क्रमांक देते. खाण्याचा सोडा १४४-५५-८, धुण्याचा ४९७-१९-८, कॉस्टिक १३१०-७३-२. प्रयोगशाळेतल्या बाटलीच्या लेबलावरही तो बऱ्याचदा छापलेला असतो.

यात एक गंमत आहे, वर्गात जरूर करून बघा. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. १४४५५ मधले अंक उजवीकडून अनुक्रमे १, २, ३, ४, ५ ने गुणा. ५+१०+१२+१६+५ = ४८. एकक स्थानी ८, म्हणजे नंबर बरोबर उतरवला. (पदार्थ बरोबर निवडला का, हे मात्र यातून कळत नाही हं.)

हा नंबर 'पबकेम'वर टाका. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा हा साठा २००४ पासून सगळ्यांना मोफत आहे. सूत्र, गुणधर्म, धोके, आणि माहिती कुठून घेतली तेही तिथे दिसतं. इंग्रजीची अडचण आहे, मान्य. सुरुवातीला शेजारी बसावं लागतं.

आता चॅटबॉट आलेत. ते कधीकधी अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध लेखकांच्या नावानिशी देतात. त्यावर उपाय म्हणजे निबंधाचा डीओआय क्रमांक टाकून बघायचा. निबंध उघडला, तरी तो तोच आहे का ते वाचायचं. आणि नुसत्या सारांशावर थांबायचं नाही. कोणत्या तापमानाला, किती प्रमाणात, हे बहुधा आतल्या मजकुरातच सापडतं.

पूर्ण निबंध पुष्कळदा पैसे मागतात. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली, पण शाळा त्यात नाहीत. हे मला खटकतं. तोवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं 'रेझोनन्स' मासिक मोफत आहे, ते अकरावी-बारावीच्या मुलांना झेपेल.

दहा संदर्भांची यादी मागूच नका. एकच मागा, आणि त्यातून नेमकं काय घेतलं ते तोंडी परीक्षेत विचारा.