तख्त पालटले, माप तेच राहिले



पारावर, एस.टी.त, बाजार समितीच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘आता क्रांतीच व्हायला पाहिजे, त्याशिवाय शेतकऱ्याचे काही खरे नाही.’ वाक्य जोरकस आहे. पण ज्या देशात तख्त खरोखर उलथले, तिथल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मांडल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत. हिशेबासाठी इजिप्त घेऊ. नाईलच्या काठचा, कापूस आणि गहू पिकवणारा हा देश. साठ वर्षांत त्याने दोनदा तख्त उलथवले.

पहिल्यांदा 23 जुलै 1952 ला. लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी फारूक राजाला घालवले आणि सातच आठवड्यांत, 9 सप्टेंबरला, जमीन सुधारणेचा कायदा आणला. 200 फेद्दानांची कमाल मर्यादा घातली. फेद्दान म्हणजे आपल्या एकराहून किंचित मोठा. कुळाने द्यायचा खंड जमीन महसुलाच्या सात पटींवर बांधून दिला. जमीनदारापुढे मान खाली घालणारा फल्लाह, म्हणजे तिकडचा शेतकरी, ताठ उभा राहिला. नासर आणि त्याच्या साथीदारांचे हे काम कोणी नाकारू नये.

पण जमीनदार उठला त्या जागेवर सरकार येऊन बसले. सहकारी सोसायटी सक्तीची झाली. कोणत्या तुकड्यात कोणते पीक घ्यायचे, हे वरून ठरू लागले. बियाणे, खत आणि कर्ज सोसायटीच्या हातून, आणि पिकलेला कापूसही सरकारच्याच काट्यावर. भाव सरकारी, जगाच्या बाजारापेक्षा कमी. मधला पैसा सरकारच्या तिजोरीत. एकाधिकार खरेदीच्या रांगेत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

निदान जमीन तरी टिकली का? 1992 साली मुबारक सरकारने 96 क्रमांकाचा कायदा केला. खंड सातवरून बावीस पटींवर नेला आणि ऑक्टोबर 1997 पासून मालकाला खंड वाढवायची किंवा कूळ काढून टाकायची मोकळीक दिली. दोन पिढ्या कसलेली जमीन लाखो कुळांच्या हातून निसटायची वेळ आली. खेड्यापाड्यांत पोलीस आणि कुळे भिडली, माणसे मेली, कित्येक तुरुंगात गेली. कायदा मात्र हलला नाही.

आता याच्याशेजारी 1977 चा जानेवारी ठेवून पाहा. सादात सरकारने भाकरीवरची आणि इतर मालावरची सूट कापली. 18 आणि 19 तारखेला शहरे पेटली आणि सरकारने निर्णय लगोलग मागे घेतला. शहरापुढे दोन दिवसांत वाकणारे सरकार खेड्यापुढे वाकले नाही. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ ही भानगड फक्त आपल्याकडेच आहे, असे समजू नका.

दुसऱ्यांदा 2011. 25 जानेवारीला कैरोच्या तहरीर चौकात लोक जमले आणि अठरा दिवसांत, 11 फेब्रुवारीला, तीस वर्षे बसलेला मुबारक गेला. घोषणा होती : भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. तिकडच्या बोलीत भाकरीला ‘ऐश’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ जगणे असाही आहे. घोषणा खरीच होती, तिच्यासाठी शेकडो लोकांनी जीव दिला. पण भाकरी स्वस्त ठेवायची तर गव्हाची किंमत कोणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न त्या घोषणेत नव्हता.

पुढे 2012 ला मोर्सी निवडून आले, 3 जुलै 2013 ला लष्कराने त्यांना काढले, 2014 ला सिसी आले. त्याच 2014 च्या राज्यघटनेत कलम 29 आहे : मुख्य पिके शेतकऱ्याला नफा सुटेल अशा भावाने, शेतकऱ्यांच्या संघटनांशी ठरवून, सरकार विकत घेईल. वाचून आनंद वाटावा असे कलम! आणि 2022 मध्ये, युक्रेनच्या युद्धाने जगात गव्हाचे भाव भडकले तेव्हा काय झाले? फर्मान निघाले : फेद्दानामागे 12 अर्देब, म्हणजे 18 क्विंटल गहू सरकारला घालायचाच. परवान्याशिवाय दुसऱ्याला विकायचा नाही. न घालणाऱ्याला सरकारी दराचे खत नाही. ही लेव्ही नाही तर काय? दोन क्रांत्या झाल्या, घटना बदलली, पण माप घेऊन दारात उभा राहणारा माणूस तोच.

कोणी विचारेल, ‘मग गरिबाची भाकरी महाग करायची का?’ नाही. शहरातला गरीब आपला वैरी नाही. त्याला स्वस्त भाकरी द्यायची तर ती तिजोरीतून द्या, शेतकऱ्याच्या काट्यातून नको. आणि शेतकऱ्याला लुटून ती भाकरीही टिकली नाही. जून 2024 मध्ये सरकारनेच सवलतीच्या भाकरीचा दर 5 पियास्तरवरून 20 वर नेला. तुकडाभर जमिनीचा फल्लाह तीच भाकरी विकत घेतो. विकतानाही तोच मार खातो, घेतानाही तोच.

यावरून क्रांती फुकट असते असे मी म्हणत नाही. जुलमी तख्त उलथलेच पाहिजे. पण वरून मिळालेला हक्क वरूनच काढून घेता येतो, हे 1997 ने दाखवले; आणि घटनेतल्या कलमाच्या पाठीशी संघटना नसेल तर ते नुसता कागद ठरते, हे 2022 ने दाखवले. शहर एका चौकात जमते. शेतकरी शिवारभर पांगलेला असतो, म्हणून त्याला आधी एकत्र यावे लागते.

तेव्हा उद्या कोणी क्रांतीचा झेंडा घेऊन गावात आला, तर त्याचे स्वागत करा आणि तीन प्रश्न विचारा. माझा माल कोणाला आणि कोणत्या भावाने विकायचा, हे कोण ठरवणार? माझी जमीन कोणाच्या सहीने जाऊ शकते? आणि तुमचे राज्य आल्यावर तुमच्याविरुद्ध रस्त्यावर उतरायला माझी संघटना मोकळी राहील का? उत्तर सरळ आले, तर खांद्याला खांदा लावू. नाही आले, तर घामाचे दाम मागायला आपले आपण समर्थ आहोत.