मूळ आणि प्रत

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरची वाटणी झाली. जमीन, भांडीं, दागिने यांचे वांटे फारशा कुरबुरीवांचून पडले. अडलें तें ओटीवरील लक्ष्मीच्या एका तसबिरीपाशीं. कमळावर उभी असलेली ही लक्ष्मी आमच्या पणजोबांनीं आणिलेली, रविवर्म्याच्या छापखान्यांतील. तिच्या लुगड्याच्या कांठाला आमच्या पणजीनें स्वहस्तें जर चिकटविली होती. दादांचें म्हणणें, ती मूळ घरांतच राहावी. धाकट्या बंधूंनीं चौकशी करून आणिली होती कीं, असल्या जुन्या छापांस हल्लीं हौशी संग्राहक चांगली किंमत मोजतात. तेव्हां ती विकून पैसे वांटून घ्यावे. आणि आम्ही? खरें सांगावयाचें तर आमचाही तिजवर डोळा होता. दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोलेना.

तिसऱ्या दिवशीं आत्याबाई आल्या. सर्व ऐकून घेऊन म्हणाल्या, “अरे, ही काय एकटीच होती? माझ्या सासरीं ओटीवर हीच, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानांत हीच. तुमचीच तेवढी खरी कशी?”

आत्याबाईंचें बोलणें इतिहासाला धरूनच होतें. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचीं तैलचित्रें राजेरजवाड्यांच्या महालांत लागत. सामान्य गृहस्थास त्यांचें दर्शन घडावें कसें? चित्रांच्या छापील प्रती काढाव्या, अशी सूचना सर टी. माधवराव यांनीं केली होती. १८९४ सालीं रविवर्मा यांनीं मुंबईंत छापखाना काढिला. पुढें तो लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड घ्यावयाचा, त्यावर चित्राचा तेवढाच भाग रेखावयाचा, आणि एकाच कागदावर ते सारे दगड एकामागून एक छापावयाचे. शेवटीं वार्निश देऊन तैलचित्राचा भास आणावयाचा. अशा रीतीनें महालांतील लक्ष्मी आणि सरस्वती साध्यासुध्या घरांच्या भिंतींवर आल्या. १९७२ सालीं तो छापखाना आगींत सांपडला, आणि आज त्या छापांनाच ‘मूळ’ म्हणून मान मिळत आहे. सारांश, जिच्यापायीं आम्ही तिघे भाऊ अबोला धरून बसलों होतों, ती मुळांत प्रतच होती!

मग मूळ वस्तूला मोल नाहीं काय? अवश्य आहे. चित्रकाराचा कुंचला कसा फिरला हें पाहावयाचें असेल त्यानें बडोद्यास जाऊन मूळ चित्रांपुढेंच उभें राहावें. शिळाछापाच्या अभ्यासकास जुना छापच हवा. परंतु मालकी निराळी आणि आस्वाद निराळा. मोठी रक्कम देऊन घेतलेली वस्तु ओल, वाळवी आणि चोर यांच्या भयानें पेटींत पडून राहिली, तर मालकाला तिचें सुख तें काय? उलट चांगली प्रत नित्य डोळ्यांसमोर असते, आणि मुलांचा हात लागला तरी जीव वरखालीं होत नाहीं. पथ्य एकच: प्रत ही प्रत म्हणूनच घ्यावी व द्यावी. तिला जुनेपणाचा मुलामा देऊन मूळ म्हणून विकणें ही शुद्ध फसवणूक होय. म्हणून तिच्या पाठीवर ती कधीं छापली तें लिहून ठेवावें.

अखेर आम्हीं तसबिरीचें छायाचित्र काढवून उत्तम कागदावर दोन प्रती छापून घेतल्या. जुनी तसबीर दादांकडे राहिली. प्रतींत जर मात्र चमकत नाहीं; छायाचित्रांत ती नुसती पिवळी रेघ होऊन उमटली. हें आम्हांस थोडें खटकत होतें. परवां धाकट्यांकडे गेलों, तों त्यांची कन्या पाटावर प्रत ठेवून कांठाला नवी जर चिकटवीत बसली होती. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. घरीं येतांना वाटेंत जरीची एक गुंडी तेवढी घेऊन आलों.